सहा फूट तार आणि माझी न केलेली सही

मी, व्हर्ना हॅल्व्हर्सन, वय एकोणऐंशी, राहणार सांता रोझा, कॅलिफोर्निया. गुडघे गेले, डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणून पाहिलं त्यांनी, ते पुढे येईलच.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी जोअ‍ॅन हिला. परवाच ती म्हणाली, "आई, कर ना सही एकदाची! किती ताणशील?" तरीही घर तिलाच. मी तापट आहे, दुष्ट नाही.

२. सहीचं प्रकरण असं. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातलं लॉकेट. पडलं की बटण दाबायचं, मदतीचा संदेश जातो. त्यातला संदेश पाठवणारा नखाएवढा बोर्ड आमच्या कंपनीत मोजायला सहा फूट बारीक तार लागायची. यंत्र तारेतून रेडिओ लहरी सोडतं, बोर्डाकडून जास्त परत आल्या तर तो नापास; पण तार स्वतःच लहरी खाते. म्हणून तिच्या टोकाला आधी मी बनवलेले तारेचे तीन छोटे तुकडे पाळीपाळीने लावायचे: एक उघडा, एक बुजवलेला, एक रोधक डकवलेला. मग यंत्र तार वजा करून नुसता बोर्ड मोजतं. माझे साहेब रसेल पिकार्ड यांनी हे टाळलं. तारेने खाल्लेलं बोर्डाच्या नावावर जमा झालं आणि नापास बोर्ड पास!

"व्हर्ना, सहा फूट तारेने काय आभाळ कोसळणार आहे?"

"लॉकेट तुझ्या गळ्यात नाही ना, रसेल!"

बोर्ड पास म्हणणाऱ्या कागदावर मी सही केली नाही. नोकरी गेली, वर दप्तरी नोंद झाली की मोजणीतली चूक व्हर्नाचीच. आता कंपनी म्हणते, चुकीच्या कबुलीवर सही करा, कंपनीच्या दालनात तुमची तसबीर लावतो. चुलीत घाला ती तसबीर!

३. तार, तीन तुकडे, माझी मोजणीची वही आणि त्यावेळचं एक लॉकेट मारिसोल अरेओला हिला. कंपनीत बोर्डाला कथलाचा डाग द्यायला तिला मीच शिकवलं. तिला वाटा आहे, म्हणून ती साक्षीदार नाही.

४. माझ्या अंत्यविधीनंतर चर्चच्या दालनात, बटाट्याच्या सॅलडला कुणी हात लावायच्या आधी, मारिसोलने यंत्र आणून ते लॉकेट मोजावं. आधी रसेलच्या पद्धतीने, मग माझ्या. तुकडे लावून झाल्यावर तारेला कुणी धक्का लावू नये. दोन्ही आकडे मोठ्याने वाचावेत. रसेलला पहिल्या रांगेत बसवावं.

५. मी चुकले असेन तर कंपनीच्या कबुलीच्या कागदावर जोअ‍ॅनने माझ्या वतीने सही करावी. नसेन, तर माझं नाव खोडून पेन रसेलच्या हातात द्यावं.

माझी सही फक्त इथे:
व्हर्ना हॅल्व्हर्सन

आमच्यासमक्ष, शुद्धीत आणि भलत्याच जोरात केली:
डॉयल फेंट्रेस, शेजारी
थुई लाम, परिचारिका

सांता रोझा, ११ मार्च २०१९