हजेरीच्या फोटोतली आत्या

८ मार्च २०२१, सोनिवली, बदलापूर

पोचले! सामान लागलं, पहिला चहा झाला आणि खिडकीतून डोंगर दिसतोय. सिन्नरहून निघताना आईचे डोळे भरून आले होते. बाबा मात्र शेवटपर्यंत ड्रायव्हरला रस्ता समजावत होते. खोली पहिल्या मजल्यावर आहे, खाली घरमालकीण जनीकाकू. पूर्वी इथे त्यांचं भात पिकायचं, आता बिल्डिंगा पिकतात, असं त्या स्वतःच हसत सांगतात. मी एकटीच राहणार म्हटल्यावर म्हणाल्या, "घाबरू नको गो पोरी, आमी हाव ना खाली." आणि वाटीभर सुक्या बोंबलाचं कालवण वर पाठवलं. तिखटाने नाक वाहतंय आणि मी दुसरी भाकरी खातेय.

नोकरी अंबरनाथला, मोरिवलीजवळच्या एमआयडीसीत. कंपनी औषधांच्या बाटल्या आणि झाकणं बनवते. कारखान्याचे लोक कामावर येतात, ऑफिसचे बहुतेक घरून काम करतात. त्या घरच्या कॉम्प्युटरांची काळजी वाहायची, हे माझं काम. आयटीचे प्रमुख चिंतामणी सर भला माणूस वाटला. म्हणाले, लॉकडाउन लागला तेव्हा अख्खं ऑफिस घाईघाईत घरी पाठवलं, तो गुंता अजून सुटलेला नाही. तो सोडवायला तुला आणलंय.

१३ मार्च

गुंता म्हणजे काय ते कळलं. गेल्या वर्षी बाजारात लॅपटॉपच मिळेनात, म्हणून बऱ्याच लोकांनी ऑफिसचे जडच्या जड कॉम्प्युटर घरी नेले. डिस्पॅचचे हरिचंद्र यांचं घर मोरिवलीत, कंपनीच्या भिंतीला लागून, तरी त्यांनीही टेम्पोत घालून नेला. कुणी पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय. कुणाच्या मुलीची शाळा त्याच मशिनवर भरते. परचेसमधल्या एकाने लसीच्या नोंदणीची खोटी मेल उघडली आणि व्हायरस घेऊन बसला. मी सगळ्यांना ओटीपी लावतेय, जुना सर्व्हर रिकामा करून फाइली क्लाउडवर नेतेय आणि लोकांचे शिव्याशाप हसत ऐकतेय.

अकाउंट्समधली स्वप्नाली कुळगावला राहते, इथून जवळच. अजून भेटलो नाही, पण फोनवर बोलायला लागलो की काम बाजूला राहतं. बदलापुरात भाजी कुठे घ्यायची, कुठला रिक्षावाला लुबाडतो, सगळं तिने शिकवलं.

२० मार्च

मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलंय. घरून काम करणाऱ्याचा मधूनमधून कॅमेऱ्यातून फोटो निघतो, चेहरा जुळला की हजेरी. फोटोत आणखी कुणी असलं तर "दोन चेहरे आढळले" असा इशारा येतो आणि तो मी तपासायचा. कंपनीची माहिती भलत्याच माणसाच्या नजरेस पडू नये म्हणून.

दुसऱ्याच्या घरात डोकावणं बरं वाटत नाही. पण हसूही येतं. कुणाचा नवरा टॉवेलवर, कुणाचं पोर टेबलावर चढलेलं. स्वप्नालीच्या मागे एक म्हातारी दिसली. पांढरे केस, हिरवट लुगडं, मांडीवर ताटात लसूण. लसूण सोलताना माणूस ताटात बघतो. ही कॅमेऱ्यात बघत होती.

२४ मार्च

तीच म्हातारी आज धर्मेशच्या मागे दिसली.

धर्मेश सेल्समध्ये आहे, उल्हासनगरला कॅम्पात राहतो, सिंधी घर. मागे देव्हारा, कापडाचे गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये ती. वेषही तोच. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. शंकाच नाही.

आधी वाटलं, लबाडी आहे. दोघांनी आपली मशिनं एकाच घरी ठेवून तिसऱ्याकडून काम करून घ्यायचं ठरवलं असेल. सरांना सांगितलं. तेही सावध झाले. आमचे भाव बाहेर फुटतायत असा त्यांना आधीपासून संशय आहे. म्हणाले, बोलू नकोस, बारीक लक्ष ठेव. मग मी दोघांची इंटरनेट कनेक्शनं तपासली. एक कुळगावचं, एक उल्हासनगरचं. आणि आजचे दोघांचे फोटो काढले, तर ती दोन्हींत, आणि फोटो एकाच क्षणाचे निघाले. एकाच क्षणी ती दोन्ही घरांत होती.

२६ मार्च

सहज विचारल्यासारखं करून दोघांना फोन केला.

स्वप्नाली म्हणाली, "अगं ती आत्या. लॉकडाउनच्या आधी आली होती, अडकली ती राहिलीच." कुठल्या गावची, विचारलं तर म्हणाली, "गावाकडची गं." आणि विषय बदलला.

धर्मेश म्हणाला, "अरे मॅडम, बुआ है अपनी. पापा की बडी बहन. लॉकडाउन में आयी, फिर गयीच नहीं." नाव विचारलं. तो हसला. म्हणाला, बुआला कोण नावाने हाक मारतं?

दोघंही खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला ओळखू येतो. म्हणूनच जास्त विचित्र वाटतंय.

३ एप्रिल

आता हरिचंद्र यांच्याकडे. त्यांच्या फोटोत ती लांब नाही, खुर्चीच्या अगदी मागे उभी आहे. हात त्यांच्या खांद्यावर.

जनीकाकू हरिचंद्र यांच्या भावकीतल्या. त्यांना नुसतं विचारलं, त्यांची आत्या कशी आहे म्हणून. काकू तांदूळ पाखडत होत्या, सूप तसंच हातात राहिलं. "हरिचंद्राला कंची आत्या गो? त्याचा बाप धरून पाच भाव ते. भयन नाय त्यांना. राखीला माज्या सासूकडं यायचे सगले."

सोमवारी मोरिवलीला जाते. नेटवर्क तपासायचंय असं सांगेन.

५ एप्रिल

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

भर दुपारी गेले होते. हरिचंद्र यांच्या बायकोने अंगणातच हातावर सॅनिटायझर घातलं. ते आत कॉम्प्युटरसमोर होते. फोटोत पाहिला होता त्यापेक्षा माणूस निम्मा झालाय. मी नमस्कार केला तर त्यांनी मान वळवली, पण नजर माझ्यावर ठरेना. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "बरा हाय. काम भरपूर. आत्या हाय म्हनून होतंय."

ती खाटेवर होती. घरात सगळ्यांना मास्क, तिला नाही. मी कीबोर्डला हात लावला तशी ती बोलली. त्या घरची बोली नाही. थेट आमच्या सिन्नरची, माझ्या आईसारखी. "उन्हाची आलीस बाई. घरी कोण कोण आहे तुझ्या?"

आणि मी सांगून टाकलं. एकटीच असते म्हणून. तोंडातून निघून गेलं.

तिने मान डोलावली. भाजीवाल्याने भाव कबूल केल्यावर डोलावतात तशी.

१२ एप्रिल

हरिचंद्र यांचे फोटो रोज पाहते. ते बाजूला सरकत चाललेत. परवा अर्धाच चेहरा दिसला. काल नुसता कान. आज खुर्चीत ती आहे. एकटी. सॉफ्टवेअर म्हणतं, चेहरा जुळला.

फोटो घेऊन सरांकडे धावले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, काय झालं? हरिचंद्रच तर आहेत. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. सर म्हणाले, डिस्पॅचमध्ये या पहिल्यापासून आहेत, वयस्कर आहेत पण कामाला चोख. उलट या महिन्यात एक चूक नाही, मालक खूश आहेत.

या. सर "या" म्हणाले. हरिचंद्र पुरुष आहेत.

त्यांच्या घरी फोन केला. बायको शांतपणे म्हणाली, "काम आत्याच करते. पयल्यापासून तीच." मी हरिचंद्र यांचं नाव घेतलं.  तिने विचारलं, "कोन?"

१५ एप्रिल

कडक निर्बंध लागले. रस्त्यावर पोलीस.

स्वप्नालीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "मीनल, माझे बाबा एकुलते एक होते. आज अंघोळ करताना एकदम आठवलं. आईला सांगितलं तर ती माझ्यावर खेकसली, आत्याबद्दल असं बोलतात का म्हणून. मला काहीतरी होतंय का गं?"

मी तिला सगळं सांगितलं. धर्मेशचं, हरिचंद्र यांचं.  ती खूप हळू म्हणाली, "ती दारात उभी आहे."

मी म्हटलं, लॅपटॉप बंद कर, पिशवीत घाल आणि तशीच बाहेर पड. मी स्कूटर घेऊन कुळगावच्या नाक्यावर येते. अत्यावश्यक सेवेचा पास आहे माझ्याकडे.

निघण्याआधी तिचं खातं बंद केलं. नाक्यावर ऊन कलेपर्यंत उभी होते. पोलिसांनी दोनदा हटकलं. ती आली नाही. तिच्या घराचा पत्ता कधी विचारलाच नव्हता.

१६ एप्रिल

सर ओरडले. विनापरवानगी अकाउंट्सचं खातं बंद का केलं? बिलं अडकली. त्यांनी ते परत चालू केलं. हरिचंद्र यांच्या घरी मी गेले होते, हेही त्यांना कळलंय. माहिती बाहेर नेणारी मीच, असं त्यांना वाटतंय की काय? माझ्याकडे पाहत होते तसे.

स्वप्नालीचा आजचा फोटो आला. पांढरे केस.

चेहरा जुळला.

तिच्या नंबरवर फोन लावला. "बोल बाई," असं म्हणाली. आवाज — मी ठेवून दिला.

१९ एप्रिल

ऑफिसात दोघे पॉझिटिव्ह निघाले. सरांनी मलाही घरून काम करायला सांगितलं. मी नको म्हटलं, हात जोडले. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. लॅपटॉप आणलाय. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. सॉफ्टवेअर काम करू देईना. काढावी लागली.

धर्मेशही गेला. उल्हासनगरच्या फोटोतही तीच.

आईचा फोन. जेवलीस का, वाफ घेतेस का. मग म्हणाली, "आत्या पोचली का गं? तू एकटी म्हणून निघाली ती."

मला आत्या नाही. बाबा आणि मनोहरकाका, दोघेच भाऊ. राखी बांधायला बाबांना कुणी नव्हतं. हे मी इथे लिहून ठेवते. मला आत्या नाही.

२० एप्रिल

जनीकाकू सकाळी भाकऱ्या घेऊन आल्या. जास्त होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुजी आत्या पन जेवल ना." मी त्यांना घट्ट धरलं, म्हटलं, काकू, तुम्हीच म्हणाला होता हरिचंद्र यांना आत्या नाही म्हणून! त्यांनी माझा हात सोडवला. कोण हरिचंद्र, म्हणाल्या.

आपल्याच भावकीतला माणूस.

बॅग भरली. सिन्नरला जाते. जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा पास लागेल म्हणतात, अर्ज टाकलाय. बाबांना फोन केला, न्यायला या म्हटलं. बाबा म्हणाले, ताई आहे ना तिथे, मग कशाला घाबरतेस —

ताई म्हणाले.

२१ एप्रिल

पास नाकारला.

खोलीत कुणी नाही. तीनतीनदा पाहिलं. मोरीत, पलंगाखाली. कुणी नाही. पण ओट्यावर लसणाची सालं —

लॅपटॉप उघडत नाही. उघडणार नाही.

दुपारी. सरांचा फोन. हजेरी लागली म्हणाले, काम छान चाललंय. मी लॅपटॉपला हातही लावला नाही.

२२ एप्रिल

उघडला.

इशारा माझ्या नावाचा. दोन चेहरे आढळले. फोटोत मी पलंगावर बसून हे लिहितेय. मागे —

मान वळवणार नाही.

बाबा आणि मनोहरकाका. दोघे भाऊ. बाबा, मनोहरकाका, आणि लहानपणी मला मांडीवर घेऊन वेणी घालायची ती —

नाही. कुणी नव्हतं. कुणी घालायची वेणी? आई. आईच.

आईचा चेहरा आठवत नाहीय.

२३

बरं वाटतंय जरा. केसांना तेल लावलं. मी नाही लावलं.

नवा फोटो. मी कडेला आहे. अर्धी.

जनीकाकूंना हाक मारली. त्या वर आल्या, माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे बघून बोलत होत्या. हसत होत्या. मी मध्येच उभी होते, मी —

माझं नाव मीनल. माझं नाव मीनल. मी सिन्नरची. माझं

सावकाश, म्हणते. हात दुखला असेल, म्हणते. सरक जराशी, बाकीचं मी