जखमेचे माप

॥ श्री ॥
मु. करंजटोला, जि. चांदा
ता. १७-१-१९५७

तीर्थरूप सौ. भागीरथाबाईस,
धाकट्या भावाचा, मुखरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे कार्ड बाजाराच्या दिवशी मिळाले. भाऊजींचा खोकला थांबला हे वाचून बरे वाटले. मी अंगाने खुशाल आहे. मनाने नाही, म्हणून कार्डाऐवजी पाकीट धाडत आहे. दोनदा लिहून फाडले, हे तिसरे.

गेल्या रविवारी गावाने शिकारीसाठी रानडुकराचा हाका केला. डुकरे पार खळ्यापर्यंत येऊ लागली होती. बांबूच्या डेपोला सुट्टी, मुन्शीला काम नाही, म्हणून मीही लोकांबरोबर गेलो. एक मोठा सुळेवाला पडला. त्याला दोन भाले लागले होते, एक लच्छूचा आणि एक झिंगूचा. हे दोघे माझ्याकडे बांबू तोडायला येतात. लहानपणापासूनचे मित्र, एक विडी अर्धी अर्धी ओढणारे. पहिला भाला कोणाचा यावरून थट्टा सुरू झाली. बरगडीतली जखम अडीच इंच रुंद होती, ती लच्छूच्या भाल्याची ठरली. मागल्या फऱ्यातली पावणेदोन इंच, ती झिंगूच्या. म्हणजे झिंगूने पळत्या डुकराला मागून मारले, असा त्याचा अर्थ झाला. लोक हसले. लच्छूने डुकराचे शेपूट कापून झिंगूच्या पागोट्यात खोसले. पाणी घेऊन आलेल्या बायांमध्ये झिंगूची बायको मंगली होती, तीही हसली. झिंगूने कुऱ्हाड उचलली. लच्छूने हात आडवा केला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे पळसाच्या पानावर पडली, बाई. मांसाचे वाटे घालायला अंथरलेल्या पानावर.

पुढचे लिहायला किळस येते. लोकांनी झिंगूला गाडीच्या दोराने मोहाच्या झाडाला बांधले आणि ज्याच्या हाती जे आले त्याने मारले. ज्यांचा लच्छूशी काही संबंध नाही, त्यांनीही मारले. एक म्हातारी लांबून लंगडत आली, एक काठी मारली आणि समाधानाने परत गेली. बत्तीसपर्यंत मी मोजले, पुढे हात एकमेकांत मिसळू लागले. लच्छूला गाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेले. गाडीचा आवाज ऐकू येत होता तोवरच लोक परत वाट्यांपाशी बसले. भिजलेले पान बाजूला सारले, दुसरे घेतले. झिंगूच्या तोंडातून रक्त येत होते आणि चार हातांवर कलेजी कोणाला यावर बोलणे चालले होते.

शाळेत गुरुजींनी अहिंसेवर निबंध लिहून घेतला होता तो तुला आठवत असेल. मला दहापैकी नऊ गुण पडले होते. एक गुण शुद्धलेखनाचा गेला, म्हणून मी रडलो होतो. आता वाटते, तो सगळाच निबंध चूक होता.

मला इथे राहवत नाही. माणसे समोर आली की मला त्यांचे हात दिसतात. वडशाला धानाच्या गिरणीत भाऊजींच्या ओळखीने काही जमेल का, ते विचार. मुलांना आशीर्वाद. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून हे लिहिले आहे, तो राहू दे.

तुझा
मुखरू

——

श्री
वडसा
ता. २५-१-५७

चि. मुखरूस बाईचे अनेक आशीर्वाद.

तुयं पाकीट आलं. यायनं वाचून दाखवतो म्हटलं, पण मी म्हटलं, मले चौथीपर्यंत शिकवलं ते काऊन? मीच वाचलं. दोनदा वाचलं. जेवण गेलं नाई.

पयले कामाची गोष्ट. हे गिरणीच्या मालकाले भेटले. मुनीमाच्या हाताखाली एक जागा हाये, अक्षर चांगलं पायजे म्हणते. हे म्हणाले, अक्षर पाहाल तर छापल्यावानी हाये. पंधरा फेब्रुवारीले हजर व्हा लागते, एक दिवस उशीर चालणार नाई. चौदाले सकायीच निघ, मूलले गाडी धर.

इथी नाटकाचे दिवस हायेत. परवा शेजारची मनकर्णा मले ओढून घेऊन गेली. भावानं भावाले मारल्याचा सीन होता. बाया पदर लावून रडत होत्या अन् मागचे लोक वन्स मोर वन्स मोर करत होते. मंग काय, मेलेला उठला, धूळ झटकली, अन् पुन्हा मेला. मीही टाळी वाजवली. तुयं पत्र आल्यावर ते आठवलं अन् स्वताचीच लाज वाटली.

आता माह्ये तीन सवाल. पयला, जखम अडीच इंच अन् पावणेदोन इंच हे गावच्या लोकाईले कसं कयलं? ते बोटानं मोजते. दुसरा, एक माणूस मार खाऊन राह्यला अन् तू बत्तीस मोजत होता का? तिसरा, हाक्याले गेला म्हणते, तं तुयाही वाटा निंगाला असंल. त्याचं काय केलं? आपल्या बापानं गयात तुळशीची माळ घातली तवापासून घरात मांस शिजलं नाई. तू घेतला नसंल असं मी यायले सांगतलं.

डोकं थंड ठेव. मुरमुऱ्याचे लाडू पाठवीन. येशील तवा माह्या डोळ्यासमोर राहशील.

तुयी बाई
भागीरथा

——

॥ श्री ॥
करंजटोला
ता. ४-२-१९५७

तीर्थरूप सौ. बाईस,
मुखरूचे दंडवत.

गिरणीचे जमले, भाऊजींचे उपकार कसे फेडू? चौदाला निघतो. ट्रंक बांधून ठेवली आहे.

तू लहानपणी माझी पाटी तपासायचीस तशी पत्रे तपासतेस. जखमा मी मोजल्या. माझ्या खिशात डेपोची कापडी फीत असते, तिने. कोणी सांगितले नव्हते. दोघे भांडत नव्हते, नुसते हसत होते, आणि मला वाटले, उगाच वाद कशाला, आत्ता निकाल लागतो. मी दोन्ही भाल्यांची पाती मोजली, मग जखमा मोजल्या आणि आकडे मोठ्याने सांगितले. लोकांना नीट ऐकू गेले नाहीत म्हणून परत सांगितले. हो, बत्तीसही मोजत होतो. ते का, ते मला माहीत नाही.

काल गावचा म्हातारा लालसू माझ्या झोपडीवर आला. त्याचा एक पाय अधू आहे, म्हणून हाक्याच्या दिवशी तो मागे राहिला होता. तो सांगू लागला की या गावात डुक्कर पडला की सगळ्यांत आधी म्हाताऱ्याने भाल्याच्या जखमा भोवतालच्या मांसासकट कापून काढायच्या आणि कुत्र्यांना टाकायच्या. मगच वाटे. पहिला भाला कोणाचा हे कोणी विचारायचे नाही आणि विचारले तरी दाखवायला काही उरत नाही. ही रीत मी मागे दोनदा डोळ्यांनी पाहिली होती. मला वाटे, घाणेरडे मांस म्हणून टाकत असतील. अडाणी लोकांचा नासधुशीचा प्रकार, असे मी वहीत टिपूनही ठेवले आहे.

लच्छू दवाखान्यातून परत आला आहे. अंगठा आणि एक बोट राहिले. त्याचा थोरला भाऊ बिरजू चिडून आहे. तीन बोटांना तीन बोटे, तीही उजव्याच हाताची, असे तो गावभर सांगत फिरतो. मंगलीने मुले माहेरी धाडली. झिंगू घरातून निघत नाही. चौदा तारखेला, गुरुवारी, पंच बसणार आहेत. लालसू म्हणाला, "मुन्शी, दोष बसाले कुठी तरी जागा लागते. लच्छूवर बसत नाई, झिंगूवर बसला तं त्याचा हात जाते. तू येजो."

मी त्याला सांगितले की मी परका माणूस, मला नोकरीवर हजर व्हायचे आहे. त्याने चिलीम झाडली आणि गेला. बाई, मला भीती वाटते. ज्या लोकांनी झिंगूला तसे मारले त्यांच्यासमोर उभे राहून मी मोजले असे सांगू? शांततेसाठी? कसली शांतता? यांच्यात ती दुसऱ्या डुकरापर्यंत टिकेल. मला यांचा वीट आला आहे. गुरुवारी सकाळी मी मूलच्या वाटेवर असेन.

भेटीत बाकीचे बोलू. तोवर आशीर्वाद कमी पडू देऊ नये.

तुझा
मुखरू

——

श्री
वडसा
ता. ९-२-५७

चि. मुखरूस आशीर्वाद.

हे पत्र तुले भेटते का नाई कोण जाणे. हे म्हणते, बाकी सोड अन् पंधराले गिरणीत पोहोच. त्याईचं खरं हाये. माह्या मनात काय हाये ते मी लिहीत नाई, नाईतं उद्या म्हणशील बाईनं बिघडवलं.

एकच लिहितो. तीन सवाल विचारले होते, तू दोनाचेच जबाब दिले. माह्यी मोजणीही काही कच्ची नाई.

तुया खाटेवर नवी सतरंजी टाकून ठेवली हाये. आला तरी तुयीच, नाई आला तरी तुयीच.

तुयी बाई

——

॥ श्री ॥
करंजटोला
ता. २५-२-१९५७

तीर्थरूप सौ. बाईस,
मुखरूचा नमस्कार, लोटांगण घालून.

मी आलो नाही हे तुला पंधरालाच कळले. भाऊजींचा शब्द माझ्यामुळे गेला, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते. तुझे पत्र तेराला मिळाले. चौदाला सकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन निघालो, नाल्यापर्यंत गेलो. तिथे ती खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. मूलची गाडी निघून जाईल इतका वेळ बसलो. मग परत आलो. यात शौर्य काही नाही. ट्रंक तिथेच विसरलो होतो, ती दुसऱ्या दिवशी आणली.

पंच मोहाच्या त्याच झाडाखाली बसले होते. सालीवर दोराचे वळ अजून होते. बिरजूने कुऱ्हाड समोर जमिनीवर ठेवली होती. झिंगूचा एक डोळा उघडत नव्हता. लोक मारायला आले होते त्याच उत्साहाने न्याय बघायला आले होते, मुलांना खांद्यावर घेऊन. मी खिशातली फीत काढून कुऱ्हाडीशेजारी ठेवली आणि म्हणालो, "माप मी घेतलं. मले कोणी मागतलं नव्हतं." आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी विचारले, काय म्हणते मुन्शी? मला ते परत सांगावे लागले. जखमेचे आकडे दोनदा सांगितले, तसेच हेही दोनदा.

बिरजू उठला. माझा उजवा हात धरून त्याने कुऱ्हाडीशेजारी जमिनीवर टेकवला. कोणी अडवले नाही. बाई, कोणीही नाही. लालसूसुद्धा बघत बसला. किती वेळ गेला ते मी मोजले नाही. मग लच्छू बोलला. हातावरची पट्टी पोटाशी धरून खाली बघत म्हणाला, "मुन्शीनं मोजलं. पण शेपूट त् मीच खोसलं ना, दादा." बिरजूने माझा हात सोडला, कुऱ्हाड उचलली आणि घरी निघून गेला. तो अजून कोणाशी बोलत नाही. त्याचे मन निवळले असे मी लिहिले तर ते खोटे होईल.

पंचांनी ठरवले की झिंगूने दर हंगामात आधी लच्छूचे शेत नांगरायचे, मग स्वतःचे. लच्छूचा हात म्हणजे झिंगूचा हात. त्या दोघांना एका पानावर जेवायला बसवले. लच्छूला डाव्या हाताने घास घेता येईना, भात सांडत होता. झिंगू मान खाली घालून तो वेचत होता. लोक पुन्हा हसले. हे लोक कशालाही हसतात. मला वाटले होते की शांतता झाली म्हणजे काही तरी स्वच्छ वाटेल. तसे काही वाटले नाही. उष्टे, सांडलेले पान होते आणि त्यावर दोघे जेवत होते.

माझा दंड असा, की लालसूचा पाय अधू होताच, आता डोळेही अधू झाले म्हणून पुढच्या हाक्यात जखमा मी कापायच्या.

आता तुझा तिसरा सवाल. माझा वाटा मी घेतला होता. सारखे वाटे घातले होते, माझ्या नावाचा द्रोण कोणी हातात दिला, मी नको म्हणालो नाही. झिंगू झाडाला बांधलेला होता आणि मी द्रोण सांभाळत त्याच्या समोरून गेलो. मीठ-मिरची लावून शिजवले. बापाच्या माळेची आठवण झाली, तरी खाल्ले. किळस येऊन खाल्ले असते तर तुला आधीच लिहिले असते. बाई, ते मला चांगले लागले. मी बोट चाटले. लोकांबद्दल जे जे मी तुला लिहिले ते सगळे त्या जेवणानंतर लिहिले आहे.

काल रविवारी हाका झाला. डुक्कर पडला, तीन भाले लागले होते. बिरजू आला नाही. लालसूने सुरी माझ्या हातात दिली. लच्छू डाव्या हाताने पान धरून होता, झिंगूने डुकराचा पाय ताणून धरला. मी फीत घरी ठेवून गेलो होतो. पहिल्या जखमेत बोटे घातली आणि बोटांनाच माप कळले. इतकी वर्षे मोजून ती तशी झाली आहेत. पहिला भाला कोणाचा ते मला त्याच क्षणी समजले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मांस कापले, कोपरापर्यंत हात भरले, आणि कुत्र्यांना टाकले.

तो कोणाचा होता हे मी कोणाला सांगितले नाही. तुलाही सांगत नाही.

वाटा या वेळी घेतला नाही. घ्यावासा वाटला होता. भाऊजींना माझ्या वतीने क्षमा माग. हे वाचून तुझ्या मनात जेवढा लोभ उरेल तेवढा पुरे, मोजून नको.

तुझा
मुखरू