ओवीच्या डोळ्यातला ठिपका

मंगळवार, निर्मळ

डॉक्टरीणबाईंनी आज ओवीच्या डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं. दोन महिन्यांच्या माझ्या लेकीला मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत. मला वाटायचं, तो म्हाताऱ्यांनाच होतो. "ऑपरेशन लांबवलंत तर नजर तयारच होणार नाही," त्या म्हणाल्या. पण एवढ्याशा जिवाला भूल द्यायची? जागीच झाली नाही तर? घरी आल्यापासून तिच्या बुबुळातला तो पांढरा ठिपका सारखी बघतेय. सासूबाई म्हणाल्या, "थोडी मोठी होऊ दे गं." मलाही तेच हवं होतं. मग मांडीवर घेऊन, काही न बोलता, तिच्याकडे बघून हसले. तिची नजर भलतीकडेच. पुन्हा तो ठिपका. "ओवी" म्हटलं, तेव्हा कुठे ती हसली. यांना सांगून टाकलं, "उद्याच होकार कळवा."