पलीकडून हाक मारू नये

प्रिय जाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर जरा दम धर. आधी वाच, मग फाड. दोन वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, पुढं माझा नंबरच ब्लॉक करून टाकलास, म्हणून हा कागद. मी चिडलो की पूर्वी काय काय लिहायचो ते तुला आठवत असेल. तसलं यात काही नाही. यात एका रस्त्याची गोष्ट आहे. शेवटी एक मागणं आहे, पण ते शेवटीच. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुला ओळखतो मी.

मृग कोरडा गेला. आपण भिजलो होतो तो कपिलधारचा धबधबा यंदा नुसता काळा खडक आहे. मांजरसुंब्याच्या पुढं, केजच्या रस्त्याला ती बंद पडलेली सहकारी सूतगिरणी आठवते? एसटीतून जाताना तू म्हणायचीस, एवढ्या मोठ्या घरात नुसती कबुतरं राहतात. तिथं आपल्या कॉलेजनं नवी शाखा काढलीय. जिथं सुताच्या चात्या फिरायच्या तिथं आता बाकं मांडलीत. कबुतरं मात्र हटली नाहीत, वर्गात हजेरीला ती पहिली. आणि मीही तिथंच असतो. हसू नकोस, शिकायला नाही. रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभा असतो.

आपल्याला भूगोल शिकवणारे बबनराव सर तिथले प्रमुख झालेत. कॉलेज सोडल्यावर मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर कामाला होतो. सर चहाला आले, मला पाहिलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गहिनीनाथ, पुस्तक नको तर नको. पण आयुष्यात एक तरी काम पुरं कर. माझ्याकडं रस्ता आहे, धरतोस?" मला वाटलं, झेंडा हलवायचा, त्यात काय मोठं.

लई मोठं होतं, जाई. रस्ता आता रुंद झालाय, सिमेंटचा. तुझ्या परळीहून, वीज केंद्रातली राख भरलेल्या गाड्या येतात त्या वाऱ्यासारख्या. गिरणीसमोर रस्त्याच्या पलीकडं सोसायटीनं चारा छावणी उघडलीय. अकराशे जनावरं, त्यांच्यासाठी चाऱ्याचे ट्रक, पाण्याचे टँकर. बीडकडं जाणारी एसटीही छावणीच्याच बाजूला थांबते. म्हणजे पोरी उतरणार पलीकडं आणि कॉलेज अलीकडं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जुलैपर्यंत हा रस्ता सुरळीत झाला नाही तर समोरचं गेट बंद करून मागचं उघडावं लागेल. ओढ्याकडून तीन किलोमीटरचा वळसा. मग पोरं येतील, पोरी येणार नाहीत. आईबाप पाठवणारच नाहीत." गावोगावी फिरून त्यांनी सत्तर पोरींची नावं लिहून आणली होती. ती यादी ते खिशात घेऊन फिरायचे.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. म्हणजे भांडून. तिसऱ्याच दिवशी राखेची एक गाडी झेंड्याला न जुमानता गेली, तसा मी दगड उचलला आणि तिचा आरसा फोडला. गाडी थांबली. मुंजाजी नावाचा ड्रायव्हर उतरला, परळीचाच आहे, तुझ्या बापूंना ओळखतो. मला वाटलं आता हा मारणार. तर तो म्हणाला, "गाडीवर राग काहून काढतो बे? गाडीनं तुजं काय घोडं मारलं?" आणि मग आवाज खाली आणून, "घरचं कुनी गाडीखाली सापडलं का?" त्यानं काचा गोळा केल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी झेंडा दिसताच लांबूनच गाडी हळू केली, हात वर केला. राखेची गाडी दिसली की मला वाटतं, ही तुझ्या गल्लीवरून आली असेल. तिच्यावर दगड मारणारा मी!

गेटसमोर आम्ही चुन्याचे पट्टे ओढले होते. सरळ, सुबक. एकही पोरगी त्यावरून जाईना. सगळ्या शंभर पावलं वर जाऊन, चढावरच्या बाभळीपासून ओलांडायच्या. मी ओरडायचो, त्या तोंडावर ओढणी धरून हसायच्या. साखराबाई नावाची एक मेंढपाळ म्हातारी आहे, दुष्काळात तिला छावणीच्या हौदावर पाणी देतात. साठ मेंढरं घेऊन ती रोज तिथूनच ओलांडते. तिनं एकदा मला बोलावून घेतलं. "ए झेंड्या, मेंढराला कळतं ते तुज्या सायबाला काहून कळत न्हाई? हितं चढ हाय. दोनी अंगाचं दिसतंय. तुमचं गेट बसलंय वळनाच्या बगलंत. तितं म्हसरू बी उभं ऱ्हायचं न्हाई." मी सरांना आणून तिच्याशेजारी उभं केलं. भूगोलाचा माणूस, दोन्हीकडं बघितलं, कपाळाला हात लावला. आठ दिवसांत बाभळीसमोरची गिरणीची भिंत फोडली. सर पायऱ्या बांधणार होते. मी म्हटलं, पायऱ्या नकोत, उतार करा. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, करा ना सर. मी हट्टाला पेटलो की कसा होतो ते तुला माहीत आहे. पण या वेळी ओरडलो नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गवंड्याला सांगितलं, उतारच कर.

तरी एक दिवस झालंच. एक पोरगी पलीकडं उभी होती, मी टँकर छावणीत वळवून देत होतो. अलीकडून तिच्या मैत्रिणीनं हाक मारली, "अगं ये की लवकर!" आणि ती धावली. मुंजाजीची गाडी होती म्हणून वाचली. ब्रेकचा आवाज, राखेचा लोट, आणि राख खाली बसली तेव्हा रस्त्याच्या मधोमध एकच चप्पल. पोरगी पार झाली होती, रडत होती, धड होती. मी मात्र तिथंच रस्त्यावर बसलो. साखराबाईनं मला दंडाला धरून कडेला ओढलं, तिच्या बाटलीतलं पाणी पाजलं. "पुडून हाक घालायची न्हाई रं कदी," ती म्हणाली. "आमी मेंढरं रस्त्याला घातली का कुनी पुडून तोंडसुदिक उघडत न्हाई. हाक आली का जीव पळतोय, मग डोळ्याला रस्ता दिसत न्हाई. संगं चालायचं. न्हाईतर मागं ऱ्हायचं."

त्या दुपारी मी पत्र्याच्या पाटीवर तांबड्या रंगानं लिहिलं: 'पलीकडून हाक मारू नये.' बाभळीला टांगली. लोक हसले. रस्त्याच्या पाहणीला आलेले साहेब म्हणाले, असला नियम कुठल्या पुस्तकात आहे? सर म्हणाले, "पुस्तकात नाही. राहू द्या." दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी सर दवाखान्यात आले होते, जाई. त्यांना सगळं कळलेलं आहे.

आता सकाळी सव्वादहाला इथं जे होतं ते तू बघायला हवंस. मला नीट सांगता यायचं नाही. एसटी निघून जाते. पोरी बाभळीखाली गोळा होतात, त्यांच्यामागं साखराबाईची मेंढरं. मी झेंडा वर करतो. इकडून राखेच्या गाड्या थांबतात, तिकडून टँकर, चाऱ्याचे ट्रक, जीप, कुणाची नवरदेवाची गाडीसुद्धा. मुंजाजीनं एकदा इंजिन बंद केलं, "डिझेल काहून जाळायचं?" म्हणून. त्याचं बघून मागच्यानं केलं. आता सगळेच करतात. आणि एकदम शांत होतं. एवढा हमरस्ता, आणि नुसती पावलं ऐकू येतात. चपला, खूर, एखादी घंटी. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघत राहतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. काल सत्तर नाही, एक्याण्णव पोरी होत्या. माझ्या हातात चार बोटं फडकं आहे, दुसरं काही नाही, आणि त्यापुढं लोखंडाचा डोंगर गप्प उभा राहतो. रोज माझ्या अंगावर काटा येतो. आपण आजवर ज्याला ताकद समजत होतो ती ताकद नव्हतीच, असं वाटतं. सरांनी ती यादी आता खिशात ठेवणं सोडलंय. समोरचंच गेट राहणार, परवा पक्कं झालं.

आता मागणं. त्या दिवशी बीडला कॉलेजसमोर तू पलीकडं होतीस. परीक्षा झाल्यावर बोलू, असं तू सांगितलं होतंस आणि मला तेवढाही दम नव्हता. मी तीनदा हाक मारली. तिसरी तर धमकीच होती, आत्ता ये नाहीतर कधीच येऊ नको. तू माझ्याकडं बघत निघालीस, रस्त्याकडं नाही. दोष उसाच्या ट्रॅक्टरवाल्यावर गेला. मीही सगळ्यांना तेच सांगत सुटलो. तुझ्या पायात सळई बसली, कॉलेज सुटलं, आणि तरी हाक कुणाची होती ते तू बापूंनाही सांगितलं नाहीस. मी सांगितलंय आता. सरांना सांगितलं, ट्रॅक्टरवाल्याच्या गावी जाऊन त्याला सांगितलं, बापूंना वेगळं पत्र टाकलंय. माफी मागत नाही, ती मागून मिळायची गोष्ट नव्हे. मागणं एवढंच, की दुसऱ्या वर्षाचे प्रवेश महिनाअखेरपर्यंत चालू आहेत. तुझं नाव लिहायला सरांनी जागा ठेवलीय. परळीची एसटी बाभळीपाशी थांबते, उताराला पायरी एकही नाही. मी पलीकडं नसेन. तू उतरशील त्याच बाजूला, तुझ्या मागं उभा असेन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. बोलायचं नसेल तर वळूनही बघू नकोस. तू फक्त मान हलव, झेंडा वर जाईल. मग तुला वाटेल तेवढा वेळ घे. हा रस्ता एकदा थांबला की थांबतो, मी रोज बघतो.

तुझाच, आता चार पावलं मागं उभा असलेला,
गहिनीनाथ