पाषाणाखालचा गेरू

८ मे १९७६
सोलापूर. रजेचा दुसरा दिवस. आईनं विचारलं, तुम्ही लोक तेलासाठी समुद्रात विहीर खणता म्हणजे करता काय? सांगितलं: आपलीच काळ्या पाषाणाची जमीन पश्चिमेला ताणली, फाटली, तुकडे खचले. फटीत समुद्र शिरला. वर गाळ, चुनखडी, थरांवर थर. ते सगळं भेदून पुन्हा काळ्या पाषाणापर्यंत पोचलो. खणताना वर आलेला त्याचा चुरा प्रयोगशाळेत मी ओळखला. रिपोर्टवर सही माझी: "तळ लागला."
"म्हंजे समुद्राखाली आपलं होटगी हाय की," आई.
हसले, मग अंगावर काटा. इतकी वर्षं शिकून हे असं कधी दिसलं नव्हतं.

१० मे
होटगी, आईचं माहेर. मोठ्या मामांची विहीर. पाच पुरुष खोल, पाषाण, पाणी नाही. मी शहाणपणा केला, "मामा, तळ लागला. थांबवा आता."
खणणारे मलकप्पा आतूनच म्हणाले, "पाषाण म्हंजे तळ न्हाय, तायी. ह्याच्याखाली गेरू असतंय. गेरूखाली परत पाषाण. लई पदर हायती."
मामा: "आमची भाची पुस्तकातनं खणती." सगळे हसले.

११ मे
सुरुंग उडवला. पाषाणाखाली वीतभर गेरू, लालभडक. दोर धरून उतरले, वरून मामींचा आरडाओरडा. हात लावला. एक लाव्हा थंडावला, त्यावर ऊनपाऊस झाला, माती झाली, गवतही उगवलं असेल. मग पुन्हा आग. किती हजार वर्षं, वीतभरात. रडूच आलं.
मग आठवलं. समुद्रातल्या विहिरीच्या चुऱ्याच्या शेवटच्या पिशवीत लाल कण होते. मी "वरून ढासळलेली माती" लिहून मोकळी झाले. तो गेरू असेल तर तळ लागलेलाच नाही. खाली अजून पदर, आणि सगळ्यांच्या खाली जमीन फाटण्याआधीचा गाळ असेल, त्यात तेल... आणि शुक्रवारी माझ्या सहीवर ती विहीर सिमेंटनं बुजवणार.

१२ मे
जेवण गेलं नाही. खात्यात मी एकटी बाई. "म्हटलं नव्हतं?" म्हणायला सगळे टपलेत. गप्प बसले तर कुणाला कळणार? समुद्राखाली बघायला कोण जातंय.

१३ मे
सोलापूर पोस्ट. ट्रंक कॉल नऊला नोंदवला, दीडला लागला. ऑफिसात साहेबांना सांगितलं, लाल कण मी चुकीचे लिहिले. खाली अजून असेल.
"असेल की आहे?"
"ते सांगता येत नाही. तळ लागला हे मात्र चूक."
 साहेब: "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"
"होटगीच्या मलकप्पांनी. विहिरी खणतात."
कॉलची तीन मिनिटं संपली, लाइन तुटली. उद्याचं सिमेंट थांबवा, हे सांगायचं राहिलंय. परत कॉल नोंदवून बाकावर बसलेय.