म्हैस नव्हती गो काकी

प्रिय काकी,

आज तुझ्या तापाचं नाव कळलं. बहुतेक. घरात कोणी ऐकत नाय, म्हणून तुलाच लिहितोय.

जोह्याच्या कारखान्यात गणपतींना रंग मारत होतो, तिथं घरी ये म्हणून दादाचा फोन आला. पेणला एका ट्रकवाल्याशी गप्पा मारत बसलो आणि गाडी चुकली. "ह्याला पाणी आणायला धाडा, हा नदी बघून येईल," म्हणायचीस ना? व्हय, अजून तसाच हाय.

तुझा ताप यायचा, जायचा. घामानं लुगडं भिजायचं. मलेरिया म्हणाले, टायफॉइड म्हणाले, शेवटी काळजाची झडप गेली म्हणाले. तू गेल्यावर बकऱ्या गाभ टाकायला लागल्या, मग म्हैसही. जनावरांच्या डॉक्टरमॅडम म्हणाल्या, गाभ टाकायचा हा रोग माणसालाही लागतो, ताप येतो. झालं! काकांनी तपासणीची वाटही पाहिली नाय, म्हैस विकून टाकली. हिनंच तुला खाल्लं म्हणाले.

आता निडीत, आपल्या गावात, पडलेल्या गाभांच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. जंतूचं नाव ब्रुसेला मेलिटेन्सिस. मॅडमना पुन्हा वाचायला लावलं. "गाई-म्हशींत बहुतेक दुसरी जात सापडते. ही बकऱ्यांची. म्हशीला त्यांच्याकडूनच आला असेल."

तुझ्या बकऱ्या, काकी! ज्यांच्या करडांच्या नाकात तू फुंकर मारायचीस. व्याल्यावर पडलेली वार उघड्या हातांनी उचलून वडाला टांगायचीस, दूध वाढावं म्हणून. एवढा जीव का लावलास गो?

तुला त्यानंच नेलं का? कोण सांगणार? तुझं रक्त त्यासाठी कुणी तपासलंच नाय.

सुनीतावहिनीला तसाच ताप येतोय. पोटुशी हाय ती, तुला ठाऊक नाय. तिचं रक्त पाठवलंय. मॅडम म्हणतात बकऱ्या काढा. काका काढत नायत, तुझी आठवण म्हणे! काल एक व्याली, तर वार वहिनीनंच टांगली. मी ओरडलो.

काका म्हणाले, "तुझी काकी जन्मभर टांगत होती. तिला काय झालं?"



काकी, मी आता कुठं जात नाय. पुढची वार मी काढीन, हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरीन. वहिनीला गोठ्यात पाऊल टाकू देणार नाय. तिचं बाळ राहील? मला नाय वाटत. पण गोठ्याच्या दाराशी मी बसलेला असेन.

तुझा,
नित्या