लातूरच्या मंडळीला वडील मिळाले

लातूर,
ता. १७ मे १९८३

प्रिय शिवकांताआक्कास,
धाकट्या शेषेरावचा प्रभूमध्ये सलाम.

तुझी कंबर कशी आहे, दाजींचा खोकला बसला का आणि आईला नांदेडचं पाणी मानवलं का, ते सविस्तर कळव. (मानवलंच असणार. तिथं नळाला रोज पाणी येतं, हा निरोप ती लातूरला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर पाठवून राहिली आहे.) इथं आम्ही सगळे ठीक. जिल्हा होऊन नऊ महिने झाले. नव्या कचेरीत टेबलं आली, टेबलांमागं साहेब आले, पाणी तेवढं आलं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, तोही आला तर. त्याच्या हॉर्नकडं कान ठेवून हे पत्र तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. माझं चित्त कसं ते ठिकाणावर नाही आणि त्याचं कारण नुसतं पाणी नाही.

आपली प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळी म्हणजे बावीस घरं आणि उपासनेपुरती मिळालेली पत्र्याची शाळा, हे तुला माहीत आहे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मिरजेहून छोट्या गाडीनं येतात. मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं, की लातूर आता जिल्ह्याचं ठिकाण झालं, तेव्हा मंडळीनंही आपल्या पायावर उभं राहावं आणि आपल्यातूनच तीन वडील निवडावेत. वडील म्हणजे जन्मदाते नव्हेत, हा खुलासा त्यांना दोनदा करावा लागला. (चंद्रप्पा कंपाउंडरनं उठून विचारलं होतं, की आमचे वडील उदगीरला अंथरुणावर आहेत, त्यांना इथं आणायचं कसं?) वडील म्हणजे आजाऱ्याला भेटणारे, भांडणं मिटवणारे, पाळकाच्या जोडीनं मंडळी सांभाळणारे लोक. मग त्यांनी वडिलाचे गुण सांगितले. सौम्य असावा, तापट नसावा, पाहुणचार करणारा असावा, घर नीट चालवणारा असावा. आक्का, खोटं कशाला सांगू, दर गुणाला मला माझंच नाव ऐकू येत होतं. (शेवटच्या गुणाला तुझी भावजय खोकली, पण सध्या धूळच लई आहे.)

प्रचार करायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मी प्रचार केला नाही. कचेरी सुटली, की फक्त घरोघर प्रार्थनेला जाऊ लागलो. आता आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहे. दारात माणूस आला, की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. पहिल्या आठवड्यात अकरा घरं झाली आणि अकरा तांबे झाले. बाराव्या घरी धुरपताबाईंनी रांजणाच्या तळाला वाटी खरवडून पाणी काढलं, तो आवाज मला उपासनेतसुद्धा ऐकू येत होता. तरी मी प्यालो, कारण त्या समोर उभ्या होत्या. दोन दिवसांनी टँकरच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, की शेषेराव वडील व्हायच्या आधीच मंडळी कोरडी करून राहिला. मला लई लागलं. त्या दिवसापासून ठरवलं, की कुणाच्याही घरी पाण्याला हात लावायचा नाही.

आणि दुसऱ्या दिवशी नेमका नागुबाईच्या घरी गेलो.

नागुबाई म्हणजे पलीकडच्या वस्तीतली विधवा. दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडते आणि संध्याकाळी वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांचं पाणी भरते. तिनं तांब्या पुढं केला. मी हात जोडले आणि नको म्हणालो. ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

“नको म्हंजी तहान न्हाई, का माझ्या घरचं नको?”

मी म्हणालो, बाई, दुष्काळ आहे, पाणी वाचवा. तिनं तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि आत गेली. मी एकट्यानंच प्रार्थना केली. आपल्या आजोबांची वस्ती वेगळी आणि तिच्या आजोबांची वेगळी होती, हे तुला सांगायला नको. तीन पिढ्या एका बाकावर बसून गायलो, पण एकमेकांच्या चुलीपर्यंत कोण गेलं? रविवारपर्यंत ही गोष्ट बावीसही घरांत पोचली. मी दारोदार खुलासा करत हिंडलो, पण दुष्काळाचं कारण सांगावं तर लोक म्हणत, धुरपताबाईच्या घरी कसं प्यालात? (दोघींपैकी आपल्या बाजूची कोण, हे लोकांना बरोबर ठाऊक होतं.)

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी निवड झाली. लिंबाजी मास्तरांनी विचारलं, बाईमाणूस चालतं का? पाळकसाहेब म्हणाले, आपल्या नियमात पुरुषच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. मग चिठ्ठ्या झाल्या. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी पाळकसाहेबांच्या कानात नावं सांगितली. सगळ्यांत जास्त मतं नागुबाईला, मग लिंबाजी मास्तरांना, मग चंद्रप्पाला. मला चार. मी भाषण पाठ करून गेलो होतो, ते परत येताना आपोआप म्हटलं जाऊन राहिलं होतं. तुझ्या भावजयीला विचारलं, तू कुणाला दिलंस? ती म्हणाली, “नागुबाईला. तुम्हाला बी दिलं. तीन नावं लिहायची होती ना.”

खरा घोळ तर पुढंच झाला. नागुबाईनं नाही म्हटलं. मला वाचता येत नाही, मी कुणाचा बाप होऊ, म्हणाली. पाळकसाहेबांना गाडी धरायची होती. त्यांनी सगळीकडं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेषेराव, तुम्ही समजावा, तुम्हाला घरोघर जायची सवय आहे. ते चेष्टा करत होते का, हे मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारी रजा टाकून गेलो. ती टँकरच्या रांगेत होती. मी तिच्या दोन घागरी धरून उन्हात उभा राहिलो. मागचे म्हणाले, हा मधेच कुठून घुसला? नागुबाई म्हणाली, घागरी माझ्याच हायत. दोन तास मी नियम सांगितले, मतांचा आकडा सांगितला. ती ऐकत होती, पण टँकरच्या वाटेकडं बघत. शेवटी म्हणाली,

“ते समदं ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी पानी का घेतलं न्हाई?”

मी दुष्काळ म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेलो. आक्का, त्या दिवशी पाणी वाचवायचं माझ्या मनात होतं, हे खरं. पण तिच्या दारात नको म्हणणं मला सोपं गेलं, इतर दारांत ते जमलंच नसतं. आई त्या वस्तीतून जाताना पदर कसा आवरून घ्यायची, ते मी लहानपणापासून बघितलं आहे. माझा हात तिथंच शिकला. हे सगळं मी भर रांगेत, दोन घागरी धरून बोललो.

टँकर आला, घागरी भरल्या. एक मी उचलली. तिच्या घरी पोचल्यावर नागुबाईनं तीच घागर वाकवून तांब्या भरला. मी प्यालो. पाणी गढूळ आणि गरम होतं. ती म्हणाली, “वाचायचं काम तुमी करा. बाकीचं मी बगते.”

परवा रविवारी पाळकसाहेबांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना वडील नेमलं. नागुबाईंच्या (आता असंच म्हणायचं, सवय करून राहिलो) हातांना खडीच्या भेगा होत्या, त्या त्यांनी पदराखाली घेतल्या होत्या. मला हेवा वाटला का? वाटला. थोडा अजूनही वाटतो. पण त्यांच्याबरोबर आजाऱ्यांच्या घरी वाचायला जातो, तेव्हा जरा कमी होतो.

दाजींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शेषेराव

ता. क. – पत्राचं मूळ कारण लिहायचं राहिलं. पाच जूनला प्रभुभोजन आहे आणि आई त्यासाठी येणार म्हणते. आजवर भाकर आणि द्राक्षरसाचा तो एकच प्याला पाळकसाहेब स्वतः देत. आता वडील ताट आणि प्याला घेऊन बाकांपाशी येणार. आपण बसतो ती बाकं नागुबाईंकडं आहेत. हे आईला तू आधी सांग. मला धीर होत नाही.

दुसरा ता. क. – फार चिडली तर सांग, की लिंबाजी मास्तर देणार आहेत.

तिसरा ता. क. – तसं सांगू नको. खरं तेच सांग. त्यावर ती आली तर मी तिच्या शेजारी बसेन. आधी प्याला माझ्याकडं येईल, मग तिच्याकडं. पुढं काय होईल, मला माहीत नाही.